संगणकाचे नूतनीकरण आणि आपले दप्तर

कोणत्याही सार्वजनिक संस्थेची खरी मिळकत कोणती, असा प्रश्न केला तर बहुतेक लोक इमारत, ठेवी आणि सामानसुमान यांची नावे घेतील. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. इमारत पडली तर पुन्हा बांधता येते. खुर्च्या, कपाटे मोडली तर बाजारातून नवी आणता येतात. परंतु कोणत्या साली कोणाकडून किती देणगी आली, कोणत्या विद्यार्थ्यास किती साहाय्य दिले, त्याने त्यातील किती परत केले, सभेत कोणते ठराव झाले, ही नोंद एकदा गेली म्हणजे ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

पूर्वी ही नोंद चोपड्यांत असे आणि चोपड्या लाकडी कपाटात असत. वाळवी, उंदीर आणि आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसाची ओल हे त्यांचे शत्रू. आज ती नोंद बहुतांशी संगणकात आहे. संगणक बिघडला म्हणजे दप्तर जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण संगणक दुरुस्त होत असतानाही दप्तर जाते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. संगणक मंद चालू लागला की आपण तो डिचोलीच्या किंवा म्हापशाच्या बाजारातील कारागिराकडे नेतो आणि सहज सांगतो, "एकदा फॉरमॅट मारून द्या." या तीन-चार शब्दांचा अर्थ नीट समजावा, आणि ते उच्चारण्यापूर्वी कोणती तजवीज करावी हे कळावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रसंग का येतो?

संगणकाची जी मूळ कार्यप्रणाली असते, उदाहरणार्थ विंडोज, ती तिच्या निर्मात्या कंपनीकडून काही वर्षेच सांभाळली जाते. त्या मुदतीत सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. मुदत संपली म्हणजे त्या बंद होतात आणि यंत्र चालू असूनही उघड्या दाराच्या घरासारखे होते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ साठी 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कित्येक संस्थांना एक तर संगणक बदलावा लागतो, किंवा त्यावर नवी प्रणाली बसवावी लागते. याशिवाय विषाणू शिरणे, पावसाळ्यात विजेच्या खेळखंडोब्याने यंत्र सुरूच न होणे, जुनी डिस्क काढून वेगवान एसएसडी बसविणे, अशीही कारणे असतात.

कारण कोणतेही असो, शेवटी एकच गोष्ट घडते. जुनी प्रणाली जाते आणि नवी येते. प्रश्न इतकाच, की मधल्या वेळात आपले दप्तर कोठे होते?

संगणकातील तीन थर

हे समजण्यासाठी संगणकातील सामग्रीचे तीन थर वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला थर कार्यप्रणालीचा. दुसरा थर प्रोग्रामांचा, म्हणजे हिशेबाचा प्रोग्राम, लेखनाचा प्रोग्राम, टपाल पाहण्याचा, इंटरनेट पाहण्याचा. तिसरा थर आपण स्वतः त्या प्रोग्रामांत भरलेल्या माहितीचा, जिला सर्वजण 'डेटा' म्हणतात.

पावसापूर्वी घराची कौले परततात तेव्हा वासे बदलतात, रिपा बदलतात, फुटकी कौले टाकून नवी घालतात. पण छपराखाली ठेवलेला पेटारा कोणी कौलांबरोबर टाकून देत नाही. तो आधी खाली उतरवून कोरड्या जागी ठेवतात. संगणकाचेही असेच आहे. पहिले दोन थर बाजारातून किंवा इंटरनेटवरून पुन्हा मिळतात. तिसरा थर मात्र फक्त आपल्याच यंत्रात असतो. 'फॉरमॅट' या क्रियेला हा भेद कळत नाही. तिला सांगितलेला डिस्कचा भाग ती रिकामा करते, त्यात कौले आहेत की पेटारा, हे ती पाहत नाही.

आपल्या गोमंतकाच्या इतिहासात या भेदाचे मोठे बोलके उदाहरण आहे. गोव्याचे दप्तरखाने १५९५ साली स्थापन झाले आणि दियोगु दु कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक झाला. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल पोर्तुगीज अमलाखाली गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती राजवटच संपली. झेंडा बदलला, कायदे बदलले, कचेऱ्यांची भाषा बदलली. परंतु जन्ममृत्यूच्या, विवाहांच्या आणि जमिनींच्या नोंदी जाळून टाकल्या गेल्या नाहीत. म्हणूनच आजही वडिलोपार्जित जमिनीचा प्रश्न निघाला म्हणजे पोर्तुगीज काळातील नोंदणीपर्यंत मागे जाता येते, आणि आजोबांच्या जन्माचा दाखला काढता येतो. राजवट ही कार्यप्रणाली होय; ती बदलू शकते. दप्तर हे लोकांचे असते. ते राहिले पाहिजे.

दप्तर कोठे दडलेले असते?

आता मुख्य अडचणीकडे वळू. बहुतेक लोक समजतात, आणि पुष्कळ कारागीरही समजतात, की आपला डेटा म्हणजे 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' या दोन ठिकाणी जे दिसते ते. पत्रे, तक्ते, छायाचित्रे तेथे असतात, हे खरे. पण प्रोग्राम स्वतःची माहिती जेथे साठवितात ती जागा पुष्कळदा वेगळीच असते, आणि ती सहसा दृष्टीस पडत नाही.

विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात 'ॲपडेटा' नावाचे एक लपविलेले फोल्डर असते. ते घरातील पोटमाळ्यासारखे आहे. इंटरनेट पाहण्याच्या क्रोम व फायरफॉक्स या प्रोग्रामांतील खुणा व सांकेतिक शब्द, थंडरबर्ड या टपालाच्या प्रोग्रामातील सर्व पत्रव्यवहार, पडद्यावर चिकटविलेल्या 'स्टिकी नोट्स'मधील टिपणे, हे सारे येथे असते. फोल्डरांच्या खिडकीत 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'हिडन आयटेम्स' या शब्दांपुढे खूण केली म्हणजे हा पोटमाळा दिसू लागतो.

दुसरी जागा सर्व वापरकर्त्यांची सामाईक. 'सी' ड्राइव्हवर 'प्रोग्रामडेटा' नावाचे फोल्डर असते, तेही लपलेले. आणि 'युजर्स'मध्ये 'पब्लिक' नावाचे असते. तिसरी जागा म्हणजे खुद्द प्रोग्रामचे फोल्डर. जुने, विशेषतः स्थानिक माणसाकडून करवून घेतलेले पावतीचे किंवा सभासद नोंदीचे प्रोग्राम आपला डेटा आपल्याच फोल्डरात ठेवतात. येथे एक फसवी गोष्ट आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हापासून 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये सामान्य प्रोग्रामला लिहिण्यास मज्जाव झाला. जुना प्रोग्राम तेथे लिहू लागला, की विंडोज त्याचे लेखन गुपचूप ॲपडेटामधील 'व्हर्च्युअलस्टोअर' या फोल्डरात वळविते. परिणाम असा, की 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये त्याच नावाची एक जुनी फाइल दिसते. आपण ती जपून ठेवतो, आणि खरी चालू फाइल पुसली जाते.

ट्रस्ट आणि सोसायट्या यांच्या हिशेबासाठी टॅली हा प्रोग्राम सर्वत्र वापरला जातो, म्हणून त्याविषयी थोडे अधिक सांगतो. टॅलीत प्रत्येक संस्थेचा हिशेब आकडी नावाच्या फोल्डरात, उदाहरणार्थ १००००, साठविलेला असतो. हे फोल्डर कोठे आहे हे अंदाजाने ठरवू नये. संस्था निवडण्याच्या वेळी पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो, तो कागदावर उतरवून घ्यावा. एकाच यंत्रात दोन ठिकाणी दोन डेटा फोल्डर असणे मुळीच दुर्मिळ नाही. जुन्या आवृत्तीचे एक आणि नव्या आवृत्तीचे दुसरे. टॅलीतील 'बॅकअप' ही सोय वापरावीच, शिवाय ते आकडी फोल्डरही जसेच्या तसे उचलून ठेवावे. आणि फॉरमॅट करण्यापूर्वी टॅलीचा परवाना 'सरेंडर' करावा, म्हणजे नव्या प्रणालीवर तो पुन्हा सुरू करताना खोळंबा होत नाही.

हे सारे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे. एका संस्थेचा संगणक याच पद्धतीने 'स्वच्छ' होऊन आला. कारागिराने प्रामाणिकपणे डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स उतरवून घेतले होते. संध्याकाळी हिशेबाचा प्रोग्राम उघडला, तेव्हा त्याने नवी संस्था निर्माण करायची आहे काय, असे विचारले. कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या तीन वर्षांच्या परतफेडी त्यात होत्या. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती जमवून त्या पुन्हा भराव्या लागल्या. जी पुस्तके सापडली नाहीत, त्यांतील मुलांनी पैसे फेडले की नाहीत, हे सांगणारे काही उरले नाही. कोणाकडे दुसऱ्यांदा मागणे अन्यायाचे आणि न मागणे हिशेबाच्या विरुद्ध, अशा पेचात ती मंडळी सापडली. दप्तर जाते तेव्हा केवळ आकडे जात नाहीत. गरीब विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष जाते.

कायद्याची बाजूही आहेच. २०२२ साली आयकर नियमांत जी भर पडली, तिने धर्मादाय संस्थांना हिशेबाची पुस्तके संबंधित आकारणी वर्षाच्या अखेरीपासून १० वर्षे जपण्याचे बंधन घातले. संगणक फॉरमॅट झाला, ही सबब अशा वेळी उपयोगी पडत नाही.

फाइल राहिली, पण वाचता येईना

मराठी व कोंकणी मजकुरास एक वेगळाच धोका आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे आपले अहवाल, निमंत्रणपत्रिका आणि स्मरणिका श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या साधनांनी, बहुधा पेजमेकर या प्रोग्रामात जुळविलेल्या आहेत. त्या काळच्या बहुतेक फाँटांची रीत अशी होती, की फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागांचे आकडे साठवावयाचे आणि फाँटाने त्या जागी देवनागरी आकृती दाखवावयाच्या. फाँट हे प्रणालीच्या फोल्डरात राहतात. प्रणाली गेली की फाँट जातात. मग फाइल सुखरूप असूनही उघडल्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते.

दप्तरखान्यातील मोडी कागदांची जी स्थिती, तीच या फाइलींची. कागद शाबूत आहे, पण मोडी वाचणारा नसेल तर तो मुका आहे.

यावर उपाय तीन. पहिला, फॉरमॅटपूर्वी 'विंडोज'मधील 'फाँट्स' फोल्डरातील आपले मराठी फाँट वेगळे उतरवून ठेवणे, व त्या साधनाची तबकडी आणि परवान्याची छोटी किल्ली असल्यास ती सांभाळणे. दुसरा, जुनी यंत्रणा चालू असतानाच प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ काढणे. तीत फाँट अंतर्भूत केला म्हणजे ती कोठेही वाचता येते. तिसरा व कायमचा उपाय, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःचे जागतिक क्रमांक आहेत, त्यामुळे मजकूर एका फाँटाचा ओलीस राहत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. तो उघडणारी यंत्रे दिवसेंदिवस कमी होणार, म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

कुलुपे आणि किल्ल्या

काही डेटा नुसता उचलून ठेवून भागत नाही, कारण त्याचे कुलूप जुन्या प्रणालीत असते. क्रोममध्ये साठविलेले सांकेतिक शब्द हे त्याचे उदाहरण. ते विंडोजच्या त्या विशिष्ट खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात. फोल्डर नव्या प्रणालीवर नेले तरी ते उघडत नाहीत. म्हणून ते आधीच प्रोग्राममधील 'एक्स्पोर्ट' या सोयीने बाहेर काढावेत, किंवा आपल्या गूगल खात्याशी जोडून ठेवावेत. बाहेर काढलेली फाइल कोणालाही वाचता येते, तेव्हा काम होताच ती नष्ट करावी. यंत्रातच ठेवलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राचेही तसेच आहे. ते खाजगी किल्लीसह बाहेर काढावे लागते. वेगळ्या यूएसबी टोकनवर असलेल्या स्वाक्षरीस मात्र बाध येत नाही.

नव्या यंत्रांत पुष्कळदा 'बिटलॉकर'ने सर्व डिस्कच कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी सुटकेची किल्ली आधी लिहून घ्यावी. तीवाचून डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडली तरी तिच्यातून अक्षरही निघत नाही. तसेच 'वनड्राइव्ह' चालू असेल, तर काही फाइली यंत्रात दिसतात पण असतात इंटरनेटवर. त्या खात्याचे नाव आणि सांकेतिक शब्द चालतो की नाही, हे आधी पाहावे.

कामाचा क्रम

आता सर्व गोष्टी क्रमाने मांडतो. संस्थेच्या चिटणिसांनी हा क्रम उतरवून कपाटाच्या दारास लावला तरी चालेल.

१. यंत्रातील सर्व प्रोग्रामांची यादी करावी. प्रत्येकापुढे आवृत्ती, परवाना क्रमांक आणि डेटाची जागा लिहावी.

२. ज्या प्रोग्रामात 'बॅकअप' किंवा 'एक्स्पोर्ट' ही सोय आहे, तेथे ती वापरावी.

३. नंतर सर्व प्रोग्राम बंद करून वापरकर्त्याचे संपूर्ण फोल्डर, ॲपडेटासह, बाहेरच्या डिस्कवर उतरवावे. प्रोग्राम उघडा असताना उतरविलेली फाइल अर्धवट निघण्याचा संभव असतो. प्रोग्रामडेटा, पब्लिक, फाँट आणि 'सी' ड्राइव्हवरील अनोळखी फोल्डरही घ्यावीत. एखादे फोल्डर निरुपयोगी निघाले तर नुकसान काही नाही.

४. उतरविलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. केवळ फाइलींची नावे दिसली म्हणून समाधान मानू नये. हिशेबातील शेवटची पावती, शेवटचे पत्र, शेवटचा ठराव दिसतो काय, हे पाहावे. या पायरीस वेळ लागतो म्हणून ती गाळली जाते, आणि नेमकी हीच पायरी दप्तर वाचविते.

५. दोन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक संस्थेच्या इमारतीबाहेर ठेवावी. मूळ धरून एकंदर तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, पैकी एक अन्यत्र, हा नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला, आणि तो आपल्यासारख्या लहान संस्थांनाही लागू आहे. बाहेरची डिस्क काम होताच यंत्रापासून सोडवून ठेवावी. जोडलेली राहिली तर विषाणू आणि वीज दोन्ही तिच्यापर्यंत पोहोचतात. आपल्या हवेत ती हवाबंद डब्यात ठेवावी, हे सांगणे नको.

६. हे सर्व झाल्यावरच कारागिरास हुकूम द्यावा, आणि तोही लेखी: काय पुसावयाचे, काय नाही.

याहून निर्धास्त मार्ग असा, की जुनी डिस्क मुळीच पुसू नये. नवी एसएसडी विकत घेऊन प्रणाली तिच्यावर बसवावी आणि जुनी डिस्क काढून निदान पुढील लेखापरीक्षण होईपर्यंत कपाटात ठेवावी. विसरलेले काही आठवले तर ती जोडून घेता येते. डिस्क एकच असेल, तर विंडोजवरच नवी विंडोज चढविताना 'फाइली आणि प्रोग्राम ठेवा' हा पर्याय मिळतो काय ते पाहावे. 'रिसेट'मधील 'माझ्या फाइली ठेवा' हा पर्याय मात्र निराळा आहे. त्यात कागदपत्रे राहतात, पण बसविलेले प्रोग्राम आणि त्यांची मांडणी जाते. डिस्कचा भाग न पुसता नवी प्रणाली बसविली, तर जुना संसार 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरात राहतो. आवृत्ती चढविल्यानंतर सुमारे १० दिवसांनी विंडोज हे फोल्डर आपोआप काढून टाकते, म्हणून त्यावर विसंबू नये.

लिनक्स वापरणाऱ्यांचे काम यापेक्षा सोपे आहे. या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या मदतीने गोव्यातील काही शाळांना जुने संगणक मिळाले, त्यांवर लिनक्सच होते. त्या प्रणालीत वापरकर्त्याची सर्व सामग्री, प्रोग्रामांच्या लपविलेल्या फाइलींसह, 'होम' या एका जागी असते. आरंभीच 'होम'ला डिस्कचा स्वतंत्र भाग दिला, तर त्यास हात न लावता बाकीची प्रणाली नव्याने बसविता येते. विंडोजवाल्यांनीही यातून एवढा धडा घ्यावा, की संस्थेचे दप्तर 'सी' ड्राइव्हवर न ठेवता 'डी'वर एकाच ठरलेल्या फोल्डरात ठेवावे आणि टॅलीसारख्या प्रोग्रामांना डेटाचा मार्ग तोच द्यावा. तरीही बाहेरची प्रत हवीच, कारण डिस्क मोडली तर 'सी' आणि 'डी' बरोबरच जातात.

अखेरचे दोन शब्द

शाळेत मुलांना संगणक शिकविताना आपण कळफलक शिकवितो, चित्रे काढावयास शिकवितो, तक्ते करावयास शिकवितो. आपण लिहिलेले नेमके कोठे साठते आणि ते कसे राखावे, हे क्वचित शिकवितो. आठवी-नववीच्या मुलाला ही विद्या एका तासात समजते. ट्रस्टच्या तरुण कार्यकर्त्यांपैकी दोघांनी ती आत्मसात करून दर तिमाहीस एक दिवस दप्तराची प्रत काढण्याचे व ती तपासून पाहण्याचे काम अंगावर घेतले, तर संस्थेस त्यासाठी एका बाहेरच्या डिस्कच्या किमतीपलीकडे खर्च नाही. ज्या दिवशी प्रत काढली त्या दिवसाची तारीख आणि काढणाऱ्याची सही साध्या वहीत व्हावी. ती वही मात्र कागदाचीच असावी.

महोत्सवाच्या वर्षी आपण मागील नोंदी चाळतो, देणगीदारांची नावे काढतो, पहिल्या सभेचा वृत्तान्त छापतो. त्या नोंदी ज्यांनी ओल आणि वाळवी यांपासून राखल्या, त्यांचे आपणावर ऋण आहे. पुढील महोत्सवाची स्मरणिका काढणाऱ्यांस आजच्या नोंदी मिळाव्यात, ही आता आपली जबाबदारी होय.